नमुना आधी, गोळी नंतर

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त कराव्यात आणि उरलेल्या तुम्ही पोटात घालाव्यात. दुसरी कबुली म्हणजे मी सिव्हिलचा विद्यार्थी आहे. आमचा संबंध वाळू, सिमेंट आणि सर्व्हेच्या साखळीशी. मग हा मुलगा जंतूंवर कशाला लिहितोय? त्याचं कारण म्हणजे गेल्या सप्टेंबरात मला आलेला ताप.

तर झालं असं. आपल्या तिसऱ्या मजल्यावर एकाच आठवड्यात चौघांना ताप आला. हॉस्टेलवर ताप आला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. रूम पार्टनरच्या कपाटात अर्धी संपलेली पाकिटं असतात, कुणाच्या तरी दादाने कधीतरी खाल्लेली. मीही सिप्रोच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, रात्री एक, असं दोन दिवस केलं. ताप थोडा उतरला, परत चढला, आणि मी एस.टी. पकडून घरी, जिंतूरला गेलो.

डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि विचारलं, "काही घेतलंस का रे आधी?" मी गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "म्हणजे चोर पळाल्यावर पोलिसात आलास." तरी त्यांनी ब्लड कल्चरसाठी रक्त घेतलं. जवळजवळ दहा मिली घेतलं आणि त्यासाठीच असलेल्या, आत पातळ खाद्य भरलेल्या बाटलीत सोडलं. बाटली परभणीला जायची होती, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आईने काळजीपोटी थर्मासमध्ये बर्फ भरून तयार ठेवला होता. कंपाउंडर काकांनी तो परत केला. "वहिनी, हिला बर्फ नको. हिला उबेत ठेवायचं असतं."

मला गंमत वाटली. कारण त्याच सत्रात आमच्या एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या सरांनी शिकवलं होतं की पाण्याचा नमुना बर्फात ठेवूनच लॅबला आणायचा! मग खरं काय? दोन्ही खरं. पाण्यात जंतू किती आहेत ते आपल्याला मोजायचं असतं. वाटेत ते वाढले तर आकडा खोटा ठरेल, म्हणून बर्फ, आणि शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत तपासणी. रक्तात मात्र ते मुळातच इतके थोडे असतात की मोजणं दूरच, एक तरी जिवंत हाती लागावा म्हणून धडपड असते. त्याला गारठवायचं नाही, खायला घालायचं. (नळाच्या पाण्याच्या बाटलीत आणखी एक गोष्ट आधीच टाकलेली असते, सोडियम थायोसल्फेट. नाहीतर नळातलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहील आणि गढूळ पाणीसुद्धा 'उत्तम' म्हणून पास होईल.)

पाच दिवसांनी रिपोर्ट आला, 'नो ग्रोथ'. घरी सगळ्यांना आनंद झाला, काही निघालं नाही म्हणून. डॉक्टरांना झाला नाही. ते म्हणाले, "काही निघालं नाही म्हणजे काही नव्हतं असं नाही." ताप उपचाराने गेला, पण हे वाक्य डोक्यातून जाईना. सुट्टीत आमच्याच गल्लीतल्या एका ताईकडे, ती मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे, मी ठाण मांडून बसलो. परत आल्यावर लॅबचे सर आणि लॅबमधल्या मामांना छळलं. जे कळलं ते इथे मांडतो आहे.

या विषयात तीन कामं असतात आणि आपण ती एकच समजतो. एक, जंतू आहे का ते पाहणं. दुसरं, तो बाकीच्यांतून वेगळा काढणं, म्हणजे विलगीकरण. (करोनाच्या काळात या शब्दाने आपल्याला घाबरवलं होतं. तिथे माणसाला वेगळं ठेवत, इथे जंतूला.) तिसरं, वेगळा काढलेला जंतू कोण आहे ते ठरवणं. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली की घोटाळा होतो.

'कल्चर' या शब्दाचा अर्थ आमच्या शाळेत गॅदरिंग असा होता. लॅबमध्ये त्याचा अर्थ विरजण. खरंच, दुसरा इतका चपखल शब्द नाही. दुधात चमचाभर विरजण घातलं, उबेला ठेवलं की रात्रीत जंतू वाढतात आणि दही लागतं. पण घरचं विरजण म्हणजे जंतूंची अख्खी गल्ली, त्यात नाना प्रकार. लॅबला हवा असतो एकच, शुद्ध. त्यासाठी ते पातळावर नव्हे, घट्ट पृष्ठभागावर वाढवावे लागतात. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत आधी त्यासाठी जिलेटिन वापरत. ते उष्णतेने वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असते, इथे तर जिलेटिनची प्लेट टेबलावरच सूप झाली असती. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी १८८१-८२ च्या सुमारास सुचवलं की मी जेलीत घालते ते अगार वापरून पाहा. हे अगार म्हणजे आपल्या किराणा दुकानातलं चायना ग्रास! उकळल्यावर विरघळतं, चाळीसच्या आसपास घट्ट होतं आणि परत वितळायला जवळजवळ उकळावं लागतं. जगभरच्या लॅबा आजही या स्वयंपाकघरातल्या सूचनेवर चालतात. झाकणाची काचेची थाळी १८८७ मध्ये पेट्री यांनी आणली.

त्या प्लेटवर वेगळं काढायची युक्ती साधी आहे. तारेचा लूप ज्योतीत लाल करायचा, गार करायचा, नमुन्यात बुडवून प्लेटच्या एका कोपऱ्यात रेघा मारायच्या. परत लूप लाल करायचा, पहिल्या रेघांच्या टोकाला स्पर्श करून पुढच्या भागात रेघा. असं तीन-चार वेळा. रांगोळीची चिमूट संपत आली की रेघ तुटक होऊन सुटे ठिपके पडतात ना, तसं शेवटच्या भागात जंतू एकेकटे पडतात. रात्रभरात एकेकट्याची वस्ती तयार होते, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. त्याला कॉलनी म्हणतात. कॉलनी एकाच पूर्वजाची असं धरतात, आणि खात्री म्हणून तीच पुन्हा नव्या प्लेटवर ओढतात. मी मारलेल्या पहिल्या रेघांनी अगार नांगरल्यासारखं फाटलं होतं. मामा म्हणाले, "अहो, पेरणी नाही करायची."

लूप दर वेळी लाल का करायचा, याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते भयंकर आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला, नोकरी गेली. पुढे चौकशीत दिसलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो जाळून न घेता नुसता औषधात बुडवून वापरला गेला होता. हाफकिन यांच्यावरचा डाग निघायला १९०७ उजाडलं. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, ती त्याच प्लेगच्या प्रयोगशाळेतून वाढली. आता ज्योतीशी बसताना मला कंटाळा येत नाही.

कॉलनी मिळाली की ओळख परेड. पहिली परीक्षा ग्रॅमची, १८८४ पासूनची. काचपट्टीवर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे, मग गुलाबी रंग. ज्यांची भिंत जाड ते जांभळा धरून ठेवतात, बाकीचे गुलाबी दिसतात. यात जंतूचं नाव कळत नाही, अर्धं गाव मात्र गाळलं जातं. मग तो कुठली साखर आंबवतो, गॅस करतो का, कुठली विकरं बाळगतो असे प्रश्न. मोठ्या लॅबमध्ये आता माल्डी-टॉफ यंत्र असतं, ते जंतूच्या प्रथिनांच्या वजनावरून काही मिनिटांत नाव सांगतं. आणि त्याही पलीकडे डीएनए वाचणं. सगळ्या जिवाणूंत असलेला '१६ एस' नावाचा साधारण दीड हजार अक्षरांचा जनुक वाचून तो जगातल्या नोंदींशी ताडून पाहतात.

हे सगळं नीट केलं नाही किंवा वेळेत जमलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच घडलेलं आहे. बाबा तेव्हा अकरावीत होते. ते सांगतात, बसमध्ये लोक तोंडाला रुमाल बांधून बसायचे आणि मेलेला उंदीर दिसला की वाडा रिकामा व्हायचा. १९९४ सालची ही गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर मरू लागले, पिसवांचा त्रास वाढला, आणि मग काखेत-जांघेत गाठ येऊन ताप येणारे रुग्ण दिसू लागले. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. घाबरून घराबाहेर राहायला गेलेल्या लोकांच्या बंद घरांत धान्य साठलेलं होतं, उंदीर त्यावर पोसले, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. देशात १९६६ नंतर माणसांत प्लेगची नोंदच नव्हती. म्हणजे डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने तो फक्त पुस्तकात पाहिलेला.

साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली, पन्नासहून जास्त लोक दगावले. पण मग वाद सुरू झाला की हा प्लेग होता तरी का? विमानं बंद झाली होती, निर्यात अडकली होती, जग विचारत होतं की जिवाणू दाखवा. हातात जो पुरावा होता त्यात मोठा भाग रक्तातल्या प्रतिद्रव्यांचा होता. प्रतिद्रव्य म्हणजे चोराच्या पायाचा ठसा. तो कामाचा असतो, पण ठसा म्हणजे चोर नव्हे. काहींनी दुसऱ्याच रोगांची नावं पुढे केली.

जिवाणू सहज का हाती लागत नव्हता? एक कारण माझ्या पाकिटातलंच होतं. सुरतेत लोकांनी टेट्रासायक्लीनच्या गोळ्या घाऊकपणे खाल्ल्या होत्या. जीव वाचवण्यासाठी ते बरोबरच होतं, तिथे प्लेटची वाट पाहणं मूर्खपणा ठरला असता. (माझी परिस्थिती तशी नव्हती, दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता.) पण गोळी घेतलेल्या रुग्णाचा नमुना प्लेटवर गप्प बसतो. दुसरं कारण या जंतूचा स्वभाव. यर्सिनिया पेस्टिस सावकाश वाढतो. चोवीस तासांत कॉलनी जेमतेम दिसते, अठ्ठेचाळीस तास लागतात, तोवर शेजारचे उनाड जंतू प्लेट व्यापून टाकतात. शिवाय त्याला शरीराच्या तापमानापेक्षा अठ्ठावीस डिग्री जास्त मानवते. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांना चांगली प्रयोगशाळा मिळाली नाही, ते गवताच्या झोपडीत काम करत होते, इनक्युबेटर नव्हता. साध्या हवेच्या उबेत ठेवलेल्या त्यांच्या नळ्यांत प्लेगचा जंतू छान वाढला. त्याच वेळी तिथे सोयीसुविधांनिशी बसलेल्या जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांच्या नमुन्यांत, सदतीस डिग्रीच्या उबेत, बहुधा दुसऱ्याच जंतूची भेसळ झाली. गरिबीचा असा फायदा क्वचितच होतो!

प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो प्लेगच होता असा निष्कर्ष काढला. आणि २००० साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. १९९४ च्या साथीतून वाढवून जपलेल्या जंतूंचा १६ एस त्यांनी वाचला आणि तो यर्सिनिया पेस्टिसचाच निघाला. मात्र इथे एक मेख आहे. प्लेगचा जंतू आणि त्याचा एक सौम्य चुलतभाऊ यांचा १६ एस जवळपास सारखाच असतो. आडनाव कळतं, पण दोन भावांतला कोणता ते कळत नाही. म्हणून त्यांनी डीएनएचा आणखी एका पद्धतीने ठसा घेतला. माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डीएनए वाचणं ही नाही. त्या धावपळीत कुणीतरी नमुना नीट घेतला, प्लेटवर वाढवला आणि सहा वर्षांनी वाचता येईल असा जपून ठेवला, ही आहे. त्यांची नावं बातम्यांत आली नाहीत.

जिंतूरहून नैऋत्येला बीड आणि उत्तरेला लोणार. आम्ही मधे. शाळेच्या सहली लोणारला ठरलेल्या. २०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊन असताना लोणारचं सरोवर गुलाबी झालं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तज्ज्ञांचं पीक आलं. उल्केचं विष, भूकंपाची सूचना, देवीचा कोप, शेवाळ... इथे तापाऐवजी तळं होतं, पण प्रश्न तोच, कोण आहे आत?

वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला दिले. आघारकर संस्थेत दिसलेली एक गोष्ट मला फार आवडली, कारण तिला यंत्रच लागत नाही. नमुना काही काळ स्थिर ठेवला तर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो कुणाच्या तरी अंगात होता. (आजी तुरटी फिरवून पाणी निवळत ठेवायची, त्यातला अर्धा धडा हाच.) हे अंग निघालं हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचं. पाऊस नव्हता, उष्णता होती, माणसांची वर्दळ थांबलेली, बाष्पीभवनाने क्षार वाढले आणि त्यांचं राज्य आलं.

हे जिवाणूसारखे दिसतात, पण जिवाणू नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वोझ यांनी याच १६ एसच्या तुलनेवरून दाखवलं की हा जीवांचा वेगळाच घराणा आहे. आता विचार करा, लोणारचं पाणी आपल्या लॅबच्या नेहमीच्या प्लेटवर टाकलं असतं तर? यांच्यातल्या बहुतेकांना लोणच्याच्या खारापेक्षाही खारट खाद्य लागतं. त्याखेरीज त्यांच्या पेशी फुटून जातात. त्यात लोणारचं पाणी दहाच्या वर पीएचचं, साबणाच्या पाण्यासारखं. सात पीएचच्या साध्या अगारवर तो खरा मालक उगवलाच नसता. उगवला असता काठावरच्या मातीतला एखादा सर्वसामान्य जंतू, आणि आपण त्याच्या गळ्यात रंगाची माळ घातली असती. मातीत-पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली जेवढे दिसतात त्यातले शंभरात एखाददुसरेच नेहमीच्या प्लेटवर वाढतात, असं सूक्ष्मजीवशास्त्रात म्हणतातच. म्हणून पर्यावरणाच्या नमुन्यात आधी त्या जागेची चव घ्यावी लागते. क्षार किती, पीएच किती, ऊब किती, तसाच पाहुणचार प्लेटवर करायचा. दवाखान्यातल्या नमुन्याचं उलट असतं. तिथे जागा माहीत असते (रक्त, लघवी, थुंकी) आणि गुन्हेगारांची यादीही बरीचशी ठाऊक असते.

हैदराबादचे ते शिवाजी इथेही भेटतात. २०१० मध्ये त्यांच्या गटाने लोणारमधून वेगळ्या काढलेल्या एका जिवाणूला नवा वंश म्हणून नाव दिलं, इंडिबॅक्टर अल्कलिफिलस. भारतातला, अल्कली आवडणारा. एकीकडे माणसं मारणारा जुना शत्रू, दुसरीकडे कुणाचंही वाईट न केलेला अनोळखी रहिवासी, आणि ओळखायची रीत एकच.

आता पुन्हा आपल्या मजल्यावर या. चौघांपैकी एकाने माझ्यासारखी घाई केली नव्हती. तो पहिल्या आठवड्यातच, एकही अँटिबायोटिक न घेता, घरच्या डॉक्टरांकडे गेला. त्याच्या बाटलीत साल्मोनेला टायफी वाढला. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर औषधांची यादी होती आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. प्लेटभर जंतू पसरून त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. चकतीभोवती किती मिलिमीटर मोकळं रिंगण पडतं ते पट्टीने मोजतात, त्यावरून हे ठरतं. त्याच्या यादीत सिप्रोपुढे आर होतं. म्हणजे मी विश्वासाने खाल्लेली गोळी त्याच्या जंतूला गुदगुल्या करणारी होती. त्याच्या डॉक्टरांनी त्यावरून औषध ठरवलं.

मग मलाही टायफॉईडच होता का? इथेच गंमत (किंवा दुःख) आहे. कदाचित तोच जंतू असेल आणि गोळीने मारला नसला तरी प्लेटवर येण्याइतका उरला नसेल. कदाचित दुसराच असेल. कदाचित विषाणू असेल, जो असल्या बाटलीत वाढतच नाही. गोळ्या न घेताही टायफॉईडचं ब्लड कल्चर जवळपास निम्म्या वेळा रिकामं येतं. उरलेल्या दोघांनी विडाल करून घेतली, 'टायफॉईड निघाला' म्हणाले. विडाल म्हणजे परत पायाचा ठसा, आणि तोही कधीकधी जुना. आपल्यासारख्या भागात आधीच्या आजाराने किंवा लशीनेही ती वर दिसू शकते. चौघांना ताप आला आणि नाव फक्त एकाच्या तापाला मिळालं.

पण पाणी तपासणं आमच्या हातात होतं. सरांनी परवानगी दिली. गच्चीवरची टाकी, कूलरचा नळ आणि कॉरिडॉरच्या कोपऱ्यातला, आपण सगळे ज्यात ग्लास बुडवतो तो वीस लिटरचा जार, असे तीन नमुने घेतले. नळाचं तोंड आधी ज्योतीने भाजलं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडलं, मग बाटली भरली. प्रत्येक नमुन्याला मॅकॉन्की ब्रॉथच्या नऊ नळ्या, दहा मिलीच्या तीन, एक मिलीच्या तीन, दशांश मिलीच्या तीन. आत उलटी ठेवलेली छोटी नळी, गॅस झाला की तिच्यात बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला ते तक्त्यात पाहायचं, शंभर मिलीत अंदाजे किती जंतू ते मिळतं.

सगळ्यांचा संशय टाकीवर होता, माझाही. मी मनात प्राचार्यांना द्यायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. अठ्ठेचाळीस तासांनी टाकीच्या नऊही नळ्या स्वच्छ, कूलरच्याही. जारच्या नळ्या तीन-दोन-शून्य. तक्त्यात आकडा ९३. बुडबुडा हे पहिलंच काम, 'आहे का' एवढंच सांगणारं. म्हणून त्यातलं थोडं दुसऱ्या ब्रॉथमध्ये साडेचव्वेचाळीस डिग्रीला ठेवलं. तिथेही गॅस आला. मग ईएमबीच्या प्लेटवर रेघा ओढल्या (या वेळी अगार फाटलं नाही). सकाळी प्लेट तिरपी धरली तर कॉलन्यांवर हिरवट धातूसारखी झाक, झुरळाच्या पाठीवर असते तशी. ई. कोलाय. काचपट्टीवर गुलाबी दांडके, पुढच्या चाचण्याही जुळल्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, शंभर मिलीत हा एकही सापडता कामा नये.

ई. कोलाय सापडला म्हणजे टायफॉईडचा जंतू सापडला असं नाही, हे सरांनी दोनदा बजावलं. तो सांगतो एवढंच की विष्ठेचा अंश या पाण्यापर्यंत पोचलाय, आणि ज्या वाटेने हा आला त्या वाटेने दुसरेही येऊ शकतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. काविळीचे काही विषाणू क्लोरीनला ई. कोलायपेक्षा चिवट असतात, त्यामुळे तो नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. आणि ही वाट टाकीतून नव्हती. ती आपल्या हातातल्या ग्लासातून होती. अर्ज मी फाडला.

जार ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून घेतला, शेजारी नळ बसवलेला नवा जार आणला, ग्लास बुडवणाऱ्यास दहा रुपये दंडाची पाटी लावली. (आतापर्यंत जमा चाळीस रुपये, त्यातले वीस माझे.) पंधरा दिवसांनी परत नळ्या लावल्या. नव्या जारच्या नऊपैकी एका नळीत बुडबुडा आला, तक्त्यात चारच्या आतला आकडा. हा नळाच्या तोटीवरचा हात की नमुना घेताना माझीच चूक, हे अजून ठरलेलं नाही. येत्या सोमवारी एकाच वेळी दोघांनी वेगवेगळे नमुने घ्यायचं ठरलंय. मामांनी बाटल्या ऑटोक्लेव्ह करून ठेवल्या आहेत, ज्याला यायचं असेल त्याने सकाळी आठला लॅबच्या दाराशी हजर राहावं, हात धुऊन.